गॉडझिलाची डरकाळी आणि डबिंगविषयीचे गैरसमज

परदेशी राक्षसपट दुसऱ्या देशात लागतो, त्याआधी त्यावर दोन वेगळी कामे होतात : संवाद त्या देशाच्या भाषेत भरणे आणि चित्रपटाची काटछाट करणे. जळगाव-धुळ्याकडे असे चित्रपट बहुतेक हिंदीतून येतात. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला आणि देशभर हा प्रकार रुळला. डबिंग आणि काटछाट या दोन कामांची गल्लत होते आणि बरेचसे गैरसमज तिथूनच निघतात.

डबिंगमध्ये सगळा आवाज बदलतो, हा पहिला समज. प्रत्यक्षात निर्माता संगीत आणि इतर ध्वनींची वेगळी पट्टी देतो. धंद्यात तिला ‘एम अँड ई’ म्हणतात. कोसळणाऱ्या इमारती, पावलांचे दणके, प्राण्याची डरकाळी हे सगळे त्या पट्टीवर असते. नव्याने बोलले जातात ते फक्त माणसांचे संवाद. गॉडझिलाची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून आली : डबल बासच्या सैल तारांवर राळ लावलेला कातडी हातमोजा घासून. डबिंग करणारे सहसा तिला हात लावत नाहीत.

ओठ जुळले नाहीत की काम गबाळे, असेही सर्रास म्हटले जाते. पण अडचण भाषेतच असते. जपानी चित्रपटात लोक ‘निगेरो!’ असे ओरडतात, म्हणजे पळा. हा शब्द उच्चारताना ओठ एकदाही मिटत नाहीत. हिंदी ‘भागो’, मराठी ‘पळा’ आणि अहिराणी ‘पया’ या तिन्हींत पहिल्याच अक्षराला ओठ मिटतात. चेहरा जवळून दिसत असेल तर ही फट लगेच डोळ्यांत भरते. तिथे ‘निघा रे!’ लिहिले तर ओठ जवळजवळ बसतात. चांगला संवादलेखक अर्थाइतकाच प, ब, म या अक्षरांचा विचार करतो, आणि या कष्टाचे श्रेय त्याला क्वचितच मिळते.

चित्रपटाचे खरे नुकसान मात्र कात्रीने होते. दिग्दर्शक इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’, म्हणजे मूळ जपानी गॉडझिला, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानभर लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. चित्रपटाच्या सुरुवातीलाच समुद्रात बुडणाऱ्या बोटीमागे तीच जखम आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत लागलेली आवृत्ती निव्वळ डब केलेली होती, असे समजले जाते. वस्तुतः ती नव्याने बांधलेली होती. रेमंड बर या नटाला अमेरिकी वार्ताहर बनवून त्याचे प्रसंग वेगळे चित्रित केले. पाठमोऱ्या बदली नटांशी तो बोलतो आणि मूळ जपानी कलावंत त्याच्या समोरच असल्याचा भास होतो. बरेच जपानी संवाद तसेच ठेवून अर्थ दुभाष्याकडून आणि निवेदनातून सांगितला. आगगाडीतली एक तरुणी नागासाकीतून आपण वाचल्याचे बोलते, तो प्रसंग गेला. गॉडझिला उरला, पण त्याच्या येण्यामागचे दुःख पातळ झाले.

‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ (१९६२) या चित्रपटाचे जपानी आणि अमेरिकी शेवट वेगळे आहेत, जपानमध्ये गॉडझिला जिंकतो, ही गोष्ट अनेक वर्षे छापून आली. ती चूक आहे. दोन्हींत समुद्रातून वर येऊन पोहत जाताना काँगच दिसतो. जपानी आवृत्तीच्या शेवटी दोघांच्याही डरकाळ्या ऐकू येतात, एवढाच फरक. संगीत मात्र १९६३ च्या अमेरिकी आवृत्तीत मोठ्या प्रमाणावर बदलले गेले.

भारतात काटछाट झाली की बोट सेन्सॉरकडे जाते. डब केलेल्या आवृत्तीलाही प्रमाणपत्र लागते हे खरे. पण लांबी कमी करणे किंवा हवे ते प्रमाणपत्र मिळवणे यासाठी वितरकही स्वतःहून प्रसंग काढतात.

धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावच्या चित्रपटांनाही काही जण डबिंग म्हणतात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांचा ‘मालेगाव का सुपरमॅन’ गावातले नट घेऊन नव्याने चित्रित केलेला आहे. ते विडंबन आहे, डबिंग नव्हे.

१९५४ चा गॉडझिला पाहायचा असेल तर आधी लांबी तपासावी : सुमारे ९६ मिनिटांचा तो जपानी, ८० मिनिटांचा तो अमेरिकी.