अननसाच्या पानांतले चामडे

ज्या धंद्यात उमेदीची वर्षे वेचली, त्याच धंद्याचे मूळ पाहून कारमेन इहोसा हादरल्या. जन्माने स्पॅनिश असलेल्या या बाईंनी आयर्लंडमध्ये चामडी वस्तूंचा व्यवसाय नावारूपाला आणला होता. १९९०च्या दशकात फिलिपीन्सने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. तिथल्या चामड्याची प्रत सुधारावी आणि निर्यात वाढावी, एवढेच काम होते. त्या टॅनरीत शिरल्या. कच्च्या कातड्यांचा दर्प, क्रोमियमच्या क्षारांनी भरलेली पिंपे, गटारातून वाहून जाणारे विषारी पाणी आणि त्यातच राबणारी माणसे त्यांना दिसली. हाच उद्योग वाढवा, असे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

मग दुसरे काय? रेक्झिन त्यांना नको होते, कारण तेही खनिज तेलाचेच अपत्य. त्या स्थानिक धाग्यांकडे वळल्या, विणकरांसोबत बसल्या. कापडे सुरेख उतरली, पण ती कापडेच राहिली. चामड्याचा चिवटपणा काही त्यांच्यात येईना. समोर ‘बारोंग टागालोग’ होता. अननसाच्या पानांतील तंतूंपासून विणलेला, तलम, अंगावर चमकणारा हा सदरा फिलिपिनो पुरुष समारंभाला घालतात. धागा इतका नाजूक दिसतो, पण हाताने ताणला तर सहज तुटत नाही. उत्तर इथेच कुठेतरी दडले होते आणि तरीही हाती लागत नव्हते.

अखेर त्यांनी प्रश्नच बदलला. चामड्यासारखे काय विणावे, हे सोडून चामडे मुळात असते कसे, याचा त्यांनी विचार केला. चामडे म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंचे दाट, गुंतागुंतीचे जाळे. त्यात उभा धागा नाही, आडवा नाही. तिथेच वीज चमकली! जे निसर्गाने विणलेच नाही, ते मागावर कसे उतरणार? लोकरीचे जेन न विणता, तंतू एकमेकांत गुंतवून आणि दाबून करतात. तसेच अननसाच्या तंतूंचेही करायचे.

कल्पना क्षणात सुचली, पण ती साकारायला वर्षे गेली. पानांतून तंतू सोडवले, तरी त्यांना चिकटलेला डिंक काढल्याशिवाय ते मोकळे होत नाहीत. मोकळे झाले, तरी त्यांना धरून ठेवणारे काहीतरी हवे. पन्नाशी उलटलेल्या इहोसा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये पीएच.डी.ला बसल्या. या वयात तरुणांच्या बरोबरीने प्रयोगशाळेत उभे राहण्याची जिद्द मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते. अननसाच्या तंतूंत मक्यापासून केलेले पॉलिलॅक्टिक आम्ल मिसळून त्यांनी जाळे घट्ट केले. २०१३ मध्ये ‘अनानास अनाम’ ही कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हे चामडे ‘पिन्याटेक्स’ या नावाने लोकांसमोर आले. प्यूमा आणि कँपर या पादत्राणांच्या कंपन्यांनी त्याचे नमुन्याचे बूट शिवले होते.

एका चौरस मीटरला सुमारे ४८० पाने, म्हणजे साधारण सोळा अननसांची पाने लागतात. फळ काढून झाल्यावर शेतात जाळली जाणारी किंवा कुजणारी पानेच ती. त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही, वेगळे पाणी लागत नाही आणि शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे जास्त पडतात. वरच्या लेपात मात्र खनिज तेलाधारित राळ वापरावी लागल्याने हे चामडे अजून पूर्णपणे मातीत विरघळत नाही. ती राळ हटेपर्यंत इहोसांचा शोध अर्धाच आहे. पण अवघड अर्धा त्यांनी पार केला आहे.