पद्मिनीच्या पुढच्या चाकांचं गणित

पनवेलमध्ये रोज गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला एकाच दिवसात तीन तऱ्हांचे रस्ते येतात. कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग. पळस्पे फाट्यावरून कर्नाळ्याच्या दिशेने निघणारा गोवा महामार्ग, ज्याच्या खड्ड्यांवर गेली कित्येक वर्षं दर पावसाळ्यात बातम्या होतात. आणि जुन्या पनवेलच्या गल्ल्या, जिथे पेव्हर ब्लॉक, गटाराची वर आलेली झाकणं आणि कुणी कसेही बांधलेले गतिरोधक असतात. या तिन्ही रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी रोज चालवायची असेल, तर मालकाच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच: पुढचं सस्पेन्शन बदलावं का, आणि बदलायचं तर कोणतं घालावं?

गॅरेजमध्ये या प्रश्नाची तयार उत्तरं मिळतात. कुणी कडक स्प्रिंग सुचवतो, कुणी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घालून देतो, तर कुणी नव्या गाडीचा स्ट्रट कापून-जोडून बसवायची तयारी दाखवतो. माझं मत या तिन्हींच्या उलट आहे. पद्मिनीच्या पुढच्या चाकांची मूळ रचना चांगली आहे. ती झिजली आहे, कालबाह्य झालेली नाही. पैसे आधी शॉकअप, आर्मचे बुश आणि किंगपिन (ज्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती) यांवर घालावेत, स्प्रिंगचा कडकपणा सर्वांत शेवटी बघावा. हे केवळ जुन्या गाडीवरच्या मायेपोटी म्हणत नाही, त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

मूळ रचना आली कुठून ते आधी पाहू. १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात फियाटने ११००/१०३ ही गाडी आणली. दान्ते जियाकोसा हे तिच्यामागचे अभियंते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात याच घराण्यातल्या गाड्या बनू लागल्या, आणि सत्तरच्या दशकात त्यांना ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा हाच. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. मागच्या चाकांना बैलगाडीच्या काळापासून चालत आलेले पाटे असले, तरी पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि तेलाचा दुर्बिणीसारखा आत-बाहेर होणारा शॉकअप आहे. असमान लांबीच्या दोन आर्मची हीच कल्पना शर्यतीच्या गाड्या आजही वापरतात. तेव्हा पुढचं सस्पेन्शन जुनाट आहे म्हणून ते बदलायला हवं, हे गृहीतकच कच्चं आहे.

आता स्प्रिंगकडे येऊ. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितकी दबते, त्या एका आकड्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डुलेल ते सांगता येतं. गाडीचं वजन वेगळं माहीत असण्याची गरजही नाही, कारण जड गाडीची स्प्रिंगही तेवढीच कडक असते आणि गणितात दोन्ही एकमेकांना छेद देतात. स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबली असेल तर डोलण्याची गती सेकंदाला १, म्हणजे १ हर्ट्झ. ११ सेंटिमीटरच दबली असेल तर १.५ हर्ट्झ. प्रवासी गाड्या साधारण या दोन आकड्यांच्या दरम्यान असतात.

समजा, पुढच्या एका चाकावर चाक-ब्रेकचं वजन वगळून २०० किलोचा भार आहे आणि तो पेलताना स्प्रिंग चाकापाशी मोजल्यास १६ सेंटिमीटरच्या आसपास दबते. मग गती सुमारे १.२ हर्ट्झ येते. आता कुणी १२ मिलिमीटर जाडीच्या तारेऐवजी १३ मिलिमीटरची तार वापरून तशीच स्प्रिंग करून आणली. फरक एका मिलिमीटरचा, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १३ भागिले १२, आणि त्याचा चौथा घात, म्हणजे १.३८. एका मिलिमीटरने स्प्रिंग ३८ टक्के कडक होते आणि गती १.४५ हर्ट्झवर जाते. शिवाय तीच लांबी ठेवली तर गाडीचं नाक साडेचार सेंटिमीटर वर उठतं. स्प्रिंग करून देणाऱ्याला ‘थोडी जाड तार घाला’ सांगणं किती महागात पडू शकतं, ते यावरून दिसतं.

या आकड्यांचा आपल्या पाठीशी थेट संबंध आहे. उभ्या हादऱ्यांपैकी माणसाचं शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या हादऱ्यांना सर्वांत जास्त वैतागतं. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे सेकंदाला चारपेक्षा जास्त सांधे चाकाखालून सरकतात. नेमका तोच त्रासाचा पट्टा. गाडीच्या स्वतःच्या गतीच्या १.४ पटीपुढे गेलेले हादरेच सस्पेन्शन अडवू शकतं, त्याआधीचे उलट वाढतात. आणि दोन्हींमधलं अंतर जितकं मोठं, तितका हादरा कमी पोहोचतो. १.२ हर्ट्झच्या गाडीत हे अंतर ऐसपैस आहे. स्प्रिंग कडक करत गेलो की आपणच ते अंतर खातो.

बफर आणि कापलेल्या स्प्रिंगची गतही वेगळी नाही. आठ काम करणाऱ्या वेटोळ्यांपैकी एक कापलं किंवा रबर घालून अडवलं, तर उरलेली सात वेटोळी आठाच्या तुलनेत १४ टक्के कडक होतात. रबराच्या कडेला तार सारखी घासते, रंग निघतो, कोकणातल्या पावसाचं पाणी तिथेच थांबतं, आणि पुढे गंजलेल्या जागीच चीर पडते. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग गॅसवर तापवणं तर निखालस चूक आहे. त्याने पोलादाचं पाणीच उतरतं आणि स्प्रिंग हळूहळू बसत जाते.

फक्त पुढची स्प्रिंग कडक करू नये, याचं एक कारण मला सर्वांत सुंदर वाटतं. मॉरिस ऑली हे इंग्रज अभियंते रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका मोठ्या गाडीला पुढे-मागे सरकवता येणारी वजनं टांगली आणि वेगवेगळ्या स्प्रिंगांसह ती चालवून पाहिली. त्यांना दिसलं की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी जलद डुलणारी असली की प्रवास सपाट वाटतो. कारण सरळ आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मग मागच्याला. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाला मागचं चाक त्याच उंचवट्यावर ०.२१ सेकंदाने पोहोचतं. उशिरा डोलू लागलेलं मागचं टोक जलद असेल तर एक-दोन हेलकाव्यांत ते पुढच्याला गाठतं, आणि दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात. पुढचं टोक जलद केलं तर मागचं कधीच गाठत नाही, आणि गाडी नाक उचलत-आपटत चालते. मागचे पाटे तसेच ठेवून पुढे कडक स्प्रिंग टाकणारे हीच चूक करतात, आणि मग पाटेही कडक करत बसतात.

शॉकअपची गोष्ट वेगळी. खरी सुधारणा इथेच करता येते. झोका एकदा ढकलला की बराच वेळ हलत राहतो. स्प्रिंगही तशीच. तिची शक्ती शोषून घेऊन ती उष्णतेत बदलण्याचं काम शॉकअप करतो: बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि ते तेल तापतं. चाक वर जाताना त्याने मऊ राहावं आणि परत खाली येताना घट्ट धरावं, अशी त्याची रचना असते. म्हणूनच रिबाउंडचा, म्हणजे खाली येतानाचा, जोर साधारणपणे बंपच्या, म्हणजे वर जातानाच्या, दोन-तीन पट ठेवतात.

जुना शॉकअप मेला की नुकसान फक्त आरामाचं नसतं. टायरसकट चाकालाही स्वतःची डोलण्याची गती असते, साधारण १० ते १२ हर्ट्झ. ताशी ४० किलोमीटर वेगात दर मीटरला एक लाट असलेल्या रस्त्यावरून गेलात, तर चाकाला सेकंदाला ११ धक्के बसतात. शॉकअपने धरलं नाही तर चाक रस्ता सोडून नाचू लागतं, आणि नाचणारं चाक ना ब्रेक घेतं ना वळतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत, पावसाळी रस्त्यावर, हे गंभीर आहे. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन शांत बसली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपला. तेलाचे ओघळ दिसत असतील तर तपासणीचीही गरज नाही.

निवड करताना कमी दाबाचा गॅस भरलेला, दोन नळ्यांचा शॉकअप हा रोजच्या गाडीला सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. खड्ड्यांच्या लांब पट्ट्यात साध्या शॉकअपमधलं तेल फेसाळतं, आणि फेसात पकड नसते. गॅसचा दाब तो फेस होऊ देत नाही. एका नळीचा, जास्त दाबाचा शॉकअप उत्तम असतो, पण त्याचं एक गणित विसरतात. २० बारचा दाब १२ मिलिमीटर जाडीच्या दांड्याला सतत बाहेर ढकलतो, आणि तो जोर सुमारे २३ किलोंचा भरतो. तितका प्रत्येक बाजूला स्प्रिंगवरचा भार हलका होतो आणि नाक वर येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शॉकअप गरजेपेक्षा कडक घेतला तर तो काँक्रीटच्या सांध्यांचे हादरे सरळ हातापर्यंत पोहोचवतो. मूळ स्प्रिंग ठेवली तर मूळच्या जवळपासचाच शॉकअप पुरतो, आणि हे मूळ स्प्रिंग जपण्याचं आणखी एक कारण.

आता नव्या गाडीचा स्ट्रट बसवण्याविषयी. अर्ल मॅकफर्सन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना मांडली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ती आपल्याकडे घराघरांत नेली. त्यात वरचा आर्म नसतो. स्प्रिंग-शॉकअपचा एकच खांब बॉनेटच्या बाजूच्या मनोऱ्याला टेकतो. म्हणजे तो मनोरा चाकाचे सगळे धक्के सोसेल असा घडवलेला असावा लागतो. पद्मिनीचा तिथला पत्रा त्यासाठी केलेला नाही. शिवाय स्टीअरिंगच्या टाय रॉडची लांबी आणि जागा आर्मच्या हालचालीशी जुळवलेली असते. एकाची भूमिती बदलली की खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप वळतं आणि हँडल हातात झटके देतं. गाडी खूप खाली बसवणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. वर आणखी एक गंमत अशी की आर्म आडवे होऊन वर झुकले की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गाडीच्या वजनकेंद्रापेक्षा जास्त खाली जातो, आणि खाली बसवलेली गाडी वळणावर उलट जास्त झुकू शकते. बोरघाटातल्या वळणांवर हे जाणवतं.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं. पनवेलच्या एमएच-४६ ची गाडी असो वा दुसऱ्या कुठल्या क्रमांकाची, पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. तिथे पत्रा कापून बसवलेला स्ट्रट समजावून सांगणं अवघड जाईल. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ असलेला विंटेज क्रमांक मिळतो खरा, पण त्या गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणजे रोज चालवायची पद्मिनी साध्या नोंदणीवर आणि मूळ रूपातच राहिलेली बरी.

मग पैसे कुठे घालायचे? आधी किंगपिन. पुढचं चाक जमिनीपासून उचलून वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खटखट जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिली तर किंगपिन झिजली आहे. ग्रीसिंग वेळच्या वेळी केलं असतं तर बहुतेक किंगपिन अजून चांगल्या असत्या. पावसाळ्यानंतर एकदा तरी ताजं ग्रीस भरून आतलं पाणी-माती बाहेर ढकलायलाच हवी. सुटे भाग कुर्ल्याला आणि पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, पण नवा किंगपिन सेट घेताना पिन आणि बुश हाताने बसवून फिट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

टायर बदलताना रेडियल घ्यावेत, पण त्यानंतर अलाइनमेंट करावंच. ही गाडी नायलॉनच्या क्रॉस-प्लाय टायरांच्या काळातली आहे, आणि रेडियलला पुढची चाकं आत कमी वळलेली लागतात. रुंद रिम मात्र टाळा. रिम बाहेर आली की टायरची मधली रेषा किंगपिनच्या रेषेपासून दूर जाते, स्टीअरिंग जड होतं आणि प्रत्येक खड्ड्याचा मार थेट किंगपिनवर येतो.

आर्मचे बुश रबराचेच घ्यावेत. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ म्हणून विकतात, पण ते रबरासारखे पिळत नाहीत, घासत फिरतात, आणि चिखल आत शिरला की कुरकुरतात. रबरी बुश बसवताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा: गाडी जॅकवर लटकत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर आणून, गाडीचं वजन बसल्यावर, आर्म आपल्या नेहमीच्या जागी आले की मगच आवळायचे. लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. यानंतर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे रबर बसतं, आणि मग अलाइनमेंट करावं.