अंगणातील बाग आणि मे महिन्याची परीक्षा

यवतमाळ : २०१७ च्या पावसाळ्याने दगा दिला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला त्याची किंमत मोजावी लागली. शहराची तहान भागविणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन्ही प्रकल्पांनी तळ गाठला, नळाचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येऊ लागले आणि टँकरची वाट पाहणे हा घराघरांचा दिनक्रम झाला. त्या उन्हाळ्यात सर्वांत आधी वाळली ती घरासमोरची हिरवळ. हौसेने लावलेले विलायती गवत एप्रिलमध्येच पिवळे पडले. पाम आणि शोभेच्या झुडपांनी मे महिन्यात माना टाकल्या. मात्र त्याच अंगणांच्या कडेला कुणीही पाणी न घातलेला कडुनिंब नव्या पालवीने डवरला होता आणि बहाव्याचे पिवळे घोस लोंबत होते.

पुढे बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पातून शहरासाठी पाणी आणण्याची योजना हाती घेण्यात आली. परंतु धरण कोणतेही असो, ते भरते पावसानेच. त्यामुळे अंगणात काय लावावे, हा प्रश्न हौसेपुरता राहिलेला नाही.

हिरवळीचा हिशेब

एका चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. विदर्भातील कडक उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची, तर तिला दररोज किमान पाच मिलीमीटर पाणी द्यावे लागते. पाचशे चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. याचाच अर्थ दररोज २३० लिटर आणि महिन्याला जवळपास सात हजार लिटर पाणी. पाच हजार लिटरच्या टँकरने मोजले, तर जवळजवळ दीड टँकर. शहरी भागात माणशी दररोज १३५ लिटर पाणी असावे, असा सरकारी निकष आहे. म्हणजे हे एवढेसे गवत घरातील पावणेदोन माणसांचे पाणी पिते.

यवतमाळ जिल्हा वाळवंट नाही. येथे सरासरी ९०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षभरात पडणारे पाणीच ८० हजार लिटरहून अधिक भरते. अडचण वेगळी आहे. हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यानंतर आठ महिने आभाळ जवळपास कोरडे राहते. त्यात भूगर्भात काळा पाषाण. त्याच्या भेगांत मुरेल तेवढेच पाणी विहिरीला आणि बोअरला. म्हणून येथील बागेचे झाड चार महिने पावसात भिजणारे आणि आठ महिने तहान सोसणारे असावे लागते. राजस्थानातील निवडुंगांची बाग येथे जशीच्या तशी आणली, तर ती ऑगस्टमध्ये सडून जाईल.

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये कमी पाण्यातील बागेसाठी ‘झेरीस्केप’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडे नावाची गरज नव्हती. जुन्या वाड्यात न्हाणीचे पाणी जिथे उतरे, तिथेच केळ, कर्दळ आणि अळू लावलेले असे. लांबच्या कुंपणाला मेंदी आणि अडुळसा, तर परसाच्या टोकाला बोर किंवा कवठ. तहानलेली झाडे पाण्याजवळ आणि सोशिक झाडे पाण्यापासून दूर, एवढे साधे गणित त्यामागे होते. आजही तुळस, मोगरा, जास्वंद ही थोडे अधिक पाणी मागणारी मंडळी एकाच वाफ्यात, मोरीच्या पाण्याजवळ आणावीत. चार कोपऱ्यांत चार तहानलेली झाडे असली, की पाइप सगळ्या अंगणात फिरतो आणि पाण्याची गरज नसलेल्या झाडांवरही तो रिकामा होतो.

आधी माती पाहावी

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी आपल्या अंगणात कुदळ मारून पाहणे उत्तम. वर्धा आणि पैनगंगा नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे वणी, राळेगाव, उमरखेड या बाजूंना खोल काळी माती आढळते. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगा झाडाच्या कोवळ्या मुळ्याही तोडतात. अशा मातीत घराच्या जोत्याला लागून सतत पाणी देणे भिंतींनाही घातक, कारण एका बाजूची माती फुगलेली आणि दुसरीकडची आकसलेली राहिली, की बांधकामाला तडे जातात.

यवतमाळ शहराभोवतीच्या माळावर आणि टेकड्यांच्या उतारावर मात्र हातभर मातीखाली मुरूम लागतो. येथे पाणी थांबत नाही. बोगनवेल, चाफा, कोरफड, सीताफळ यांना हा निचरा मानवतो. याच झाडांपैकी कोरफड आणि चाफा काळ्या मातीत लावायचे असतील, तर जमीन फूटभर उंच करून घ्यावी, अन्यथा पावसाळ्यात मुळे कुजतात.

येथील काळी माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते. त्यामुळे इक्झोरा, अनंत यांसारख्या आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडांची पाने पिवळी पडतात; जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. लोक पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतात आणि झाड अधिकच पिवळे होते.

गवत हवेच असेल तर

हिरवळीचा मोह सुटत नसेल, तर हरळीला पर्याय नाही. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. कापसाच्या रानातून हरळी खणून काढण्यात येथील शेतकऱ्यांच्या पिढ्या खपल्या आणि शहरात तिच्याच नातलगांचे गालिचे चौरस फुटाच्या भावाने विकले जातात, हा विरोधाभास गमतीचा असला तरी तिची चिवटाई त्यातूनच कळते. पाणी तोडले, की ती पिवळी पडते. पण जमिनीखालचे कांडे जिवंत राहतात आणि मृगाच्या दोन सरींनंतर ती पुन्हा हिरवी होते. हिरवळ मेली असे समजून उन्हाळ्यात ती उपटण्याची घाई करू नये. पिवळी हिरवळ म्हणजे निजलेली हिरवळ.

हरळी पायदळी तुडवली तरी चालते, म्हणून मुलांच्या खेळण्यापुरता तुकडा तिचा ठेवावा. उरलेल्या जागेत उंच वाढणारी रानगवते लावता येतात आणि यवतमाळच्या माळरानांवर त्यांची मुळीच वाण नाही. काळ्या मातीत मारवेल उत्तम. तिच्या जांभळट काड्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरेख दिसतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी मारवेलचे सुधारित वाण प्रसारित केले आहेत. मुरमाड जागेत पवन्या चांगला येतो. तिखाडी, म्हणजेच रोशा गवत, हाताने चोळले तर सुवास देते. याच गवतापासून सुगंधी तेल काढले जाते. उतारावरची माती धरून ठेवायची असेल, तर वाळ्याची रांग लावावी. त्याची मुळे सरळ खाली काही फूट जातात, पाणी साचले तरी कुजत नाहीत आणि आटले तरी तग धरतात. पूर्वी ज्याच्या ओल्या पडद्यांनी वैदर्भीय घरे थंड होत, तो हाच वाळा. कुसळी मात्र वाटेजवळ नको; तिची टोकदार कुसळे कपड्यांतून थेट कातडीपर्यंत जातात.

उंच गवताविषयी दोन शंका घेतल्या जातात आणि त्या अनाठायी नाहीत. पहिली सापाची, दुसरी आगीची. दाराजवळ, पायवाटेला आणि लहान मुले खेळतात तिथे उंच गवत लावूच नये. त्याची जागा कुंपणाच्या कडेला. फेब्रुवारीत ते जमिनीपासून वीतभर ठेवून कापून टाकावे. वाळलेला भारा कुंपणाशी रचून ठेवणे म्हणजे काडीला आमंत्रण.

झाड निवडताना

जुलै महिन्यात रोपवाटिकेतील प्रत्येक रोप टवटवीत दिसते. खरी चौकशी ‘हे मे महिना कसा काढते’ अशी करावी. पळस आणि चाफा पाने गाळून खर्च कमी करतात. कोरफड पाणी साठवते. बोर आणि कडुनिंब मुळे खोल धाडतात. कण्हेरीची पाने चामट आणि मेणचट असतात. गुलबक्षी जमिनीतल्या गाठीत दडून बसते, तर तेरडा मे महिना पाहतच नाही. तो बी होऊन मातीत पडून राहतो. यांपैकी कोणतीही युक्ती नसलेले झाड आपल्या हातच्या पाण्यावरच जगणार, हे ओळखून ते घ्यावे किंवा सोडून द्यावे.

कुंपणासाठी अडुळसा आणि निर्गुडी निवडण्याचे आणखी एक कारण आहे. मोकाट शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. अडुळशाचे तमिळ नावच ‘शेळी ज्याला शिवत नाही ते’ अशा अर्थाचे आहे. माळावर आपसूक उगवणारा तरवड पिवळ्या फुलांनी भरतो; धायटीला उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुले येतात आणि त्यांवर पक्ष्यांची झुंबड उडते. ही दोन झुडपे बागेत फारशी कुणी लावत नाही, हे नवलच. कण्हेर सोशिक असली तरी तिचा प्रत्येक भाग विषारी आहे; लहान मुले असलेल्या घरांनी तिचा मोह टाळावा. मोठ्या जागेत बहावा, बेल, आवळा, कवठ शोभतात. शेवगा झपाट्याने वाढतो, पण त्याच्या फांद्या ठिसूळ. विजेच्या तारांपासून तो दूर असावा.

चिवट आहे म्हणून प्रत्येक झाड लावण्यासारखे नसते. घाणेरी पाण्याशिवाय जगते, परंतु तिचे बी पक्षी रानात नेतात आणि तेथील गवत ती संपवते. टिपेश्वरसारखे अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे, तेथे याचा विचार व्हायलाच हवा. झटपट हिरव्या भिंतीसाठी लोकप्रिय झालेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. दुसरे टोक म्हणजे कटकट नको म्हणून संपूर्ण अंगणावर बसवलेले पेव्हर ब्लॉक. त्यांनी पाणी वाचत नाही. पावसाचे पाणी मुरण्याऐवजी रस्त्यावर जाते आणि तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत घराला भाजते.

पहिली दोन वर्षे

कमी पाण्याचे झाड म्हणजे लावल्या दिवसापासून बिनपाण्याचे झाड नव्हे. मुळे खोल जाईपर्यंत दोन उन्हाळे त्याला सांभाळावेच लागते. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो तापू द्यावा, त्यात तलावातील गाळ आणि शेणखत भरावे आणि पावसाने जमीन चांगली ओली केल्यावर रोप लावावे. म्हणजे पहिले चार महिने पाण्याचे काम आभाळच करते. पळसाचे रोप जागा बदलणे सहन करत नाही. त्याचे बी पावसाच्या तोंडावर ठरलेल्या जागीच पेरणे बरे.

रोज थोडे पाणी शिंपडल्याने मुळे वरच घोटाळतात. आठवड्यातून एक-दोनदाच, पण खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. आळ्याच्या कडेला तळाला बारीक भोक पाडलेले, वातीचे मडके पुरून ते भरत राहणे ही जुनी युक्ती आजही स्वस्त ठरते. आळ्यात सोयाबीन किंवा तुरीचे कुटार चार बोटे पसरले, की ओल टिकते. फक्त वाळवीच्या भीतीने ते खोडापासून वीतभर दूर असावे. पऱ्हाट्या मात्र आच्छादनासाठी अंगणात रचून ठेवू नयेत. जिल्ह्यातील कपाशीला २०१७ मध्ये छळणारी गुलाबी बोंडअळी त्यांवरील वाळलेल्या बोंडांतच दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात उतरते.