आधी पाणी, मग सल्ला

अमेरिकेच्या नैऋत्येला ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला नवाहो आदिवासींचा राखीव प्रदेश आपल्या मराठवाड्याहून मोठा आहे. क्षेत्रफळ सुमारे 70 हजार चौरस किलोमीटर, वस्ती मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास. एवढ्या मुलखात ताज्या भाज्या, फळं मिळतील अशी मोठी किराणा दुकानं जेमतेम डझनभर. बाकी ठिकाणी पेट्रोल पंपाला लागून असलेलं छोटं दुकान, त्यात चिप्सची पाकिटं आणि गोड पेयांनी भरलेले फ्रीज. त्यात जवळपास तीन घरांमागे एका घरात नळ नाही. पिकअप गाडीत टाकी चढवायची, लांबवर जाऊन ती भरून आणायची आणि ते पाणी आठवडाभर पुरवायचं. जवळची विहीर असली तरी तिचं पाणी पिता येईलच असं नाही, कारण शीतयुद्धाच्या काळात खणलेल्या युरेनियमच्या 500 हून अधिक खाणी कंपन्यांनी तशाच उघड्या टाकल्या. अशा घरात पिण्याच्या पाण्यापेक्षा कोल्ड्रिंकची बाटली लवकर हाताशी येते, आणि मग ती तान्ह्या मुलाच्याही तोंडी लागते.

अमेरिकेतल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण ज्या समाजांत सर्वाधिक आहे, त्यांत मूलनिवासी मुलं पुढे आहेत. मोठं झाल्यावर बाळसं उतरेल, हा आपल्याकडच्यासारखाच तिथल्या आजीचाही भरवसा. पण जर्मनीतल्या हजारो मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी तपासून 2018 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासाने हा भरवसा मोडीत काढला. तिसऱ्या वर्षी जी मुलं लठ्ठ होती, त्यांतली जवळपास 90 टक्के मुलं किशोरवयातही जादा वजनाची किंवा लठ्ठच राहिली. कोल्ड्रिंकच्या साडेतीनशे मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये 39 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे नऊ-दहा चमचे. द्रवातून गेलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे बाळ तेवढं जेवण कमी करत नाही, आणि गोडाची चव मात्र आयुष्यभराची होऊन बसते.

लठ्ठपणाचं आणि मधुमेहाचं खापर बरीच वर्षं जनुकांवर फोडलं गेलं. 1962 मध्ये जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञाने मांडलेली कल्पना अशी की, दुष्काळात तगून राहिलेल्या समाजांमध्ये चरबी साठवून ठेवणारी जनुकं टिकून राहिली आणि सुबत्तेत तीच घातक ठरली. नवाहोंच्या दक्षिणेला राहणाऱ्या पिमा आदिवासींकडे या कल्पनेचा पुरावा म्हणून पाहिलं जाई. मात्र पिमांची एक शाखा मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहते. दोन्हीकडची तुलना 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या पिमांमध्ये मधुमेह 38 टक्के, मेक्सिकोतल्या त्यांच्या भाऊबंदांमध्ये 6.9 टक्के. रक्त एकच असूनही एवढी तफावत! अमेरिकेतल्या पिमांची शेती गिला नदीवर पिकायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदी वळवली, शेतं करपली आणि ताटात सरकारी पीठ आणि चरबी आली.

नवाहोंची कहाणी याहून वेगळी नाही. 1864 मध्ये लष्कराने त्यांना शेकडो मैल चालवत छावणीत नेलं. तिथे शिधा मिळाला तो मैदा, मीठ, साखर आणि डुकराच्या चरबीचा. 1868 च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले. पुढे 1930 च्या दशकात जमिनीची धूप थांबवायची म्हणून सरकारने त्यांचे मेंढ्यांचे कळप सक्तीने कापून काढले. मका, घेवडा, भोपळा आणि मेंढीचं मटण खाणाऱ्या लोकांची चूल अशी टप्प्याटप्प्याने हिरावली गेली.

म्हणून शाळेत धडे देऊन हा प्रश्न सुटेल असं मानणं भाबडेपणाचं होतं. ‘पाथवेज’ नावाच्या प्रयोगात 41 शाळांमधली आठ-दहा वर्षांची 1704 मूलनिवासी मुलं होती. तीन वर्षं त्यांतल्या जवळपास निम्म्या शाळांत आहाराचे पाठ दिले, शाळेच्या जेवणातलं तेल-तूप कमी केलं, व्यायाम वाढवला. मुलांना माहिती मिळाली, जेवणही सुधारलं. शरीरातली चरबी मात्र इतर शाळांतल्या मुलांइतकीच राहिली. 2003 मध्ये हा निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला गेला, याचं मोल मोठं आहे. कारण त्यानंतर लक्ष शाळेकडून घराकडे आणि आठ वर्षांवरून आठ महिन्यांकडे वळलं.

न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक परिसरात 134 नवाहो मातांबरोबर झालेला प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून सहा महिन्यांचं होईपर्यंत समाजातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जात. भेटी सहाच. बाळाला भूक लागली हे कसं ओळखायचं, रडणं प्रत्येक वेळी भुकेचं नसतं, वरचं अन्न केव्हा आणि काय, गोड पेयं का नकोत, अशा गोष्टी त्या आईशी बोलत. वर्षाच्या वयाला ही बाळं गोड पेयं कमी पीत होती आणि उंचीच्या मानाने त्यांचं वजन तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले, तो प्रयोग 1999 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. घरात शिरून बोलणारी बाई आपलीच असेल तर आई ऐकते, हे आपल्याला नवं नाही.

पण ऐकलं तरी आणायचं कुठून? फळं-भाज्यांची चिठ्ठी हा त्यावरचा एक उपाय. सहा वर्षांखालच्या मुलांच्या कुटुंबाला दवाखाना औषधाऐवजी फळं-भाज्यांची कुपनं देतो आणि ती गावच्या दुकानात चालतात. दुकानदारालाही मग ताजा माल ठेवणं परवडतं. नवाहोंच्या या उपक्रमात जादा वजनाच्या ज्या मुलांनी तो पूर्ण केला, त्यांतल्या 38 टक्क्यांचं वजन योग्य पातळीत आलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा या आकड्यावर फार भार टाकू नये. दिशा मात्र पटते.

घरोघरी निळ्या मक्याची पेज पुन्हा शिजू लागावी, यासाठीही तिथे धडपड चालू आहे. जुनिपर झाडाच्या हिरव्या फांद्या जाळून त्यांची राख चाळायची, उकळत्या पाण्यात मिसळायची आणि त्यात मक्याचं पीठ गुठळ्या होऊ न देता घोटायचं. राखेने रंग गडद निळा होतो आणि भरपूर कॅल्शियम मिळतं. बाळाच्या पहिल्या घासासाठी याहून चांगला पदार्थ डब्यात मिळणार नाही.

नवाहोंनी कायदाही केला. 2015 च्या एप्रिलपासून त्यांच्या सरकारने निकृष्ट खाद्यपेयांवर 2 टक्के जादा कर लावला. ताज्या फळं-भाज्यांवरचा कर त्याआधीच काढला होता. पहिल्या चार वर्षांत 75 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि परसबागा, चालायच्या वाटा अशा कामांसाठी ती गावोगावी वाटली गेली. पाण्याच्या बाबतीत मात्र दैव आडवं आलं नाही, माणसं आली. 1868 च्या तहानुसार पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलणं केंद्र सरकारवर बंधनकारक नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. माझ्या मते बालकांच्या आरोग्यावर इतका दूरगामी घाव घालणारा निकाल अलीकडे झालेला नाही.

भारतात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मधल्या 2.1 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 3.4 टक्क्यांवर गेलं. आपल्या आदिवासी पाड्यांत आजही कुपोषणच मोठं आहे, पण पाच-दहा रुपयांची पाकिटं आणि रंगीत गोड पाणी तिथे पोहोचलं आहे, आणि रिकाम्या पोटी तेच खाणाऱ्या मुलाचं दोन्हीकडून नुकसान होतं. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गावच्या बाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. अंगणवाडीच्या आसपास ही पाकिटं विकली जाऊ नयेत असा ठराव त्यांनी करावा, आणि अंगणवाडीत पिण्याचं पाणी आहे की नाही हे त्याच बैठकीत विचारावं.