मीच ती, हे कुणाला पटवायचं?

मैत्रिणींनो, फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या तासगाव तालुक्यातली बेदाण्याची शेड गजबजतात. बेदाणा निवडताना बायकांचे हात चालू असतात आणि तोंडंही. आमच्या बचत गटातल्या काही जणी तिथं कामाला जातात. हिशेबाची वही घेऊन गेले की मीही तासभर त्यांच्यात बसते. यंदा असाच जुन्या सिनेमांचा विषय निघाला आणि दोन आक्का भांडायच्याच बाकी राहिल्या.

"ती न्हवं का गं, पांढऱ्या साडीतली? रातच्याला पावसात गाडी थांबवती. मग नवरा तिला कोर्टात उभी करतोय."

"आक्का, दोन पिक्चर एकात मिसळलेत तुम्ही. पांढऱ्या साडीतला 'वो कौन थी', त्यात मनोज कुमार डॉक्टर. कोर्टातला 'मेरा साया'. त्यात सुनील दत्त, वकील."

"बाई तर तीच न्हवं?"

बाई तीच, साधना. दिग्दर्शकही तोच, राज खोसला. संगीत दोन्हीकडे मदनमोहन यांचं. आणि दोन्ही सिनेमांत साधना दोन-दोन बायका झालेली. मग आक्कांची गल्लत झाली तर नवल काय! आपण सगळ्याच असं करतो. झीनत अमान कोण आणि परवीन बाबी कोण, यावर आमच्या घरी लग्नाकार्यात अजून पैजा लागतात. कधी तर सिनेमावाल्यांनाच अशा साम्याचा आधार घ्यावा लागतो. 1993 साली दिव्या भारती अचानक गेली, तेव्हा 'लाडला'चं बरंच चित्रीकरण झालं होतं. ते श्रीदेवीला घेऊन नव्यानं करावं लागलं. दोघींचे चेहरे मिळतेजुळते आहेत असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

पण 'मेरा साया' मूळचा आपला, मराठी आहे, हे त्या शेडमध्ये सांगितलं तेव्हा निवडणारे हात थांबले. जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' नावाची रहस्य कादंबरी होती. नावातच सगळी गंमत. आशा हे बाईचं नाव आणि आशा म्हणजे आपण मनात धरतो ती आशाही. या कादंबरीवर राजा परांजपे यांनी 1964 साली 'पाठलाग' काढला. नायक डॉ. काशिनाथ घाणेकर, चिपळूणचा हा दातांचा डॉक्टर तेव्हा रंगभूमीवर संभाजी म्हणून गाजत होता. नायिका भावना. संगीत दत्ता डावजेकरांचं आणि गाणी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या गदिमांची. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट हाच ठरला. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये तो 'इदय कमलम' नावानं आला आणि 1966 साली हिंदीत 'मेरा साया' झाला.

माझ्या सासूबाईंनी 'पाठलाग' लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. काशिनाथ त्यांना लख्ख आठवतो. डोळ्यांना पाखरं म्हणणारं आशाबाईंचं गाणंही पाठ आहे. पण नायिकेचा चेहरा विचारला की साधना डोळ्यांपुढं येते म्हणतात. बिचारी भावना! दोन-दोन भूमिका करूनसुद्धा तिची जागा दुसरीनंच घेतली. आणि लेखक? देवकुळ्यांचं नाव शेडमधल्या एकीलाही माहीत नव्हतं. सिनेमा नटाच्या नावानं ओळखला जातो, गाणं गाणारीच्या. ज्याच्या डोक्यातून गोष्ट निघाली तो मात्र कुणाच्या लक्षात नसतो. राज खोसलांनी असा मराठी माल पुढंही उचलला. 'दो रास्ते' (1969) चंद्रकांत काकोडकरांच्या 'निलांबरी'वर आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' (1978) त्यांच्याच 'अशी तुझी प्रीत'वर. आपल्या आया-मावश्यांनी वाचनालयातून आणून, उशीखाली लपवून वाचलेल्या या कादंबऱ्या!

आता गोष्ट सांगते, शेवटासकट. सिनेमाला साठ वर्षं होऊन गेलीत, त्यामुळं रहस्य फोडल्याचा राग धरू नका. हिंदीतली सांगते, कारण तीच बहुतेकींनी पाहिलेली असेल. नावाजलेला वकील परदेशी गेलाय. पत्नी आजारी असल्याचं कळताच धावत येतो. ती त्याच्या हातातच प्राण सोडते. तो तिच्या आठवणीत झुरत असताना पोलीस सांगतात की डाकूंच्या टोळीतली एक बाई पकडली आहे, हुबेहूब तुमच्या पत्नीसारखी दिसते आणि मी वकीलसाहेबांची बायकोच आहे असं म्हणते. खटला उभा राहतो. ती बाई नवराबायकोतल्या अशा गोष्टी सांगते की ज्या तिसऱ्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही. तरी वकील मानत नाही. कसं मानणार? स्वतःच्या हातानं अग्नी दिलाय. शेवटी उलगडतं ते असं, की पत्नीला एक जुळी बहीण होती, डाकूच्या संसारात अडकलेली. ती एका रात्री आसऱ्याला आली, घरात राहिली आणि तिथंच आजारी पडून गेली. घराबाहेर पडलेली खरी पत्नी डाकूंच्या हाती लागली. त्यांनी तिला आपलीच समजून धरून नेलं. म्हणजे वकिलानं जिला अग्नी दिला ती मेव्हणी, आणि कोर्टात जिला खोटारडी ठरवली ती बायको.

कादंबरी वाचताना आपण दोघींचे चेहरे आपल्या मनानं रंगवतो. लेखकानं 'ती हुबेहूब तशीच होती' एवढं एक वाक्य लिहिलं की काम भागतं. सिनेमात तसं नाही. तिथं दोघी म्हणजे एकच नटी, हे पहिल्या मिनिटालाच आपल्याला दिसतं. त्यामुळं त्या सारख्या दिसतात की नाही हा प्रश्नच उरत नाही. आता समोर उभी आहे ती दोघींतली कोणती, एवढंच रहस्य राहतं, आणि ते सगळं त्या नटीच्या डोळ्यांवर, चालण्यावर, पदर घेण्यावर पेलावं लागतं. दोघी एकत्र दाखवायचं तेव्हाचं तंत्रही मोठं किचकट. कॅमेरा जराही हलू द्यायचा नाही. अर्धी भिंग झाकायची, नटीनं एका बाजूला उभं राहून बोलायचं. मग फिल्म मागं गुंडाळायची, दुसरी अर्धी झाकायची आणि नटीनं साडी बदलून पलीकडं उभं राहायचं. या गोष्टीत मात्र दिग्दर्शकाची सोय आपोआप झाली आहे. एक गेल्यावर दुसरी येते, त्यामुळं समोरासमोरची दृश्यं मोजकीच लागतात. पडद्यासाठी इतकी सोयीची कादंबरी शोधून सापडायची नाही.

हिंदीत जाताना गोष्टीला उदयपूरचे महाल मिळाले, ठाकूर घराणं मिळालं आणि बरेलीचा झुमका मिळाला. मला गंमत वाटते ती याची. सोशिक पत्नी अश्रू ढाळत कोर्टात उभी, आणि रस्त्यावर ठसक्यात नाचते ती दुसरी, 'वाईट' बाई. लोकांच्या लक्षात कोण राहिली? 2020 साली बरेलीत भर चौकात मोठ्या झुमक्याचं शिल्प उभं केलं! 2023 साली पुन्हा नव्या सिनेमात त्या झुमक्याचं गाणं आलं. पत्नीच्या वाट्याला मात्र लताबाईंचं शीर्षकगीत. तू जिथं जाशील तिथं मी सावलीसारखी तुझ्यामागं येईन, असा त्याचा भाव. गदिमांची पाखरं हिंदीत सावली झाली, एवढाच फरक.

ही जुळ्यांची युक्ती काही आपल्याच लेखकांची नाही. विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची 'द वूमन इन व्हाइट' 1859-60 साली क्रमशः छापून आली. तिच्यात तर नवराच पैशासाठी डाव रचतो. बायकोसारखी दिसणारी एक दुर्दैवी मुलगी मरते, तिला बायकोच्या नावानं पुरायचं आणि खऱ्या बायकोला त्या मुलीच्या नावानं वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. जिवंत बाई कागदावर मेली, इस्टेट नवऱ्याची! पुढं आपणच ती आहोत हे सिद्ध करायला त्या बाईला जवळच्यांचेच उंबरे झिजवावे लागतात. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (1958) हाही फ्रेंच रहस्य कादंबरीवरचा. त्यातला नायक मेलेल्या प्रेयसीसारखी दिसणारी बाई शोधून तिला तसेच कपडे, तसेच केस करायला लावतो. मला तो सिनेमा फार भयंकर वाटला, आणि त्यात भूत एकही नाही.

पुरुषाच्या बाबतीत असं घडलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या इतिहासात आहे. पानिपतावर 1761 साली सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते गेले हे शेवटपर्यंत मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. आणि भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया खरंच उभा राहिला. त्याच्यामागं माणसं गोळा झाली, फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर 1776 साली पुण्यात त्याला देहदंड झाला. 1783 साली पार्वतीबाई गेल्या. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक यावरच आहे. बघा हं, खोटा पुरुष 'मीच तो' म्हणाला तर हजारो लोक मागं गेले. 'पाठलाग' आणि 'मेरा साया'तली खरी बाई 'मीच ती' म्हणते, तर सख्खा नवरा उलटतपासणी घेतो.

हा सिनेमा मी दोन-तीनदा पाहिलाय, पण गेली काही वर्षं त्यातलं कोर्टाचं दृश्य मला करमणूक म्हणून बघवत नाही. कारण ते मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कचेरीत पाहते. आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं. किती हौसेनं लिहितो आपण! वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं आणि पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावसुद्धा जातं. शाळा सोडल्याचा दाखला एका बाईचा, आधार कार्ड दुसरीचं. जुळी बहीण लागतच नाही, आपण एकट्याच दोघी असतो. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आमच्या गटात नावं जुळत नाहीत म्हणून किती जणींची धावपळ झाली! लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कुठलाच कायदा सांगत नाही. पण बदललं असेल तर लग्नाचा नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नोंद जपून ठेवा. ती नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

आमच्या भागातल्याच एका बाईची गोष्ट. वडील वारले. वारसांत मुलींचीही नावं लागतात, हे तिला गटातच कळलं. जमीन थोडी, पण बागायत. माहेरच्या कागदांवर तिचं लहानपणीचं नाव, तिच्याजवळच्या सगळ्या कागदांवर सासरचं. एका कचेरीत तिला विचारलं, "या दोघी एकच कशावरून?" शेजारच्या खुर्चीत तिचा सख्खा भाऊ बसला होता. तिला कडेवर घेऊन जत्रा दाखवलेला भाऊ. तो 'हो' म्हणाला नाही आणि 'नाही'ही म्हणाला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. मी तिच्यासोबत होते. खरं सांगते, सुनील दत्त निदान प्रश्न तरी विचारत होता.

मग सुरू झाली कागदांची शोधाशोध. लग्न नोंदवलेलं नाही, फोटोवर नाव नसतं. शेवटी तिच्या थोरल्या नणंदेच्या ट्रंकेत लग्नपत्रिका मिळाली. पिवळी पडलेली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली, पण तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच पानावर. तिच्यासोबत शाळेत असलेली एक मैत्रीण विट्याहून साक्षीला आली. प्रतिज्ञापत्र झालं. पाचव्या फेरीला वारसांत नाव लागलं.

नोंदीचा कागद हातात पडला तेव्हा ती बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत होती. आधी माहेरचं नाव, मग 'ऊर्फ', मग सासरचं. तिथं ती अडखळली.

"वैनी, हे ऊर्फ पेपरात चोरांच्या नावात असतंय तेच ना?"

"तेच," मी म्हटलं. तिनं कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली, आणि आम्ही तासगावची एसटी पकडली.