तिकीट नाही, पाटी नाही... मग नियम कुणाचे?

शनिवार दुपार झाली की ऑफिसच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, ‘उद्या कुठे?’ लोणावळ्याला ट्रॅफिक, सिंहगडावर जत्रा. मग कुणीतरी एक फोटो टाकतो: चहूकडे पाणी आणि मधोमध जुन्या देवळाचं शिखर. बस्स, प्लॅन फिक्स!

मे २०२४च्या सुरुवातीला आमचंही असंच झालं. मुक्काम मैत्रिणीच्या मामांकडे, बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकला. सकाळी चहा-पोहे आटपून बारामतीमार्गे भिगवण, तिथून सोलापूर हायवेने इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. निघताना मामा म्हणाले, “पोरींनो, देवळात चपला घालून शिरू नका. आणि होडीत बसणार असाल तर जॅकेट मागून घ्या. लाजू नका.” आम्ही “हो मामा” म्हटलं आणि गाणी लावली.

पळसदेवची गोष्ट तशी साधी, पण चटका लावणारी. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. जलाशयाच्या पाण्याने काठची कितीतरी गावं गिळली. जुनं पळसदेव त्यातलंच एक. गाव वर सरकलं, देवाचीही नव्या देवळात स्थापना झाली. पण पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ आणि त्यावरचं विटा-चुन्याचं शिखर तिथेच राहिलं. धरण भरलं की ते पाण्यात असतं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, की बाहेर येतं. गंमत बघा, कोऱ्हाळ्याच्या भागात १८८५ सालच्या नीरा डाव्या कालव्याने ऊस पिकवला आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्याने आख्खं गाव नेलं.

आता मुद्द्याचं. घारापुरीला लेणी बघायला गेलात, तर तिथे सगळं ठरलेलं असतं. तिकीट काढायचं, सोमवारी बंद, अमुक ठिकाणी जायचं नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८च्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या बदलानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आम्ही पळसदेवला पोचलो तेव्हा मात्र ना तिकीट खिडकी दिसली, ना शिट्टी मारणारा वॉचमन. वॉव, फुल फ्रीडम!

त्या फ्रीडमचं आम्ही काय केलं? एक ग्रुप विटांच्या कपारीत पाय रोवून शिखरावर चढत होता, खालून दुसरा ‘अजून वर, अजून वर’ करत शूट करत होता. चिप्सची पाकिटं कोरीव दगडांवर. खरं सांगू? आम्हीही मंडपाच्या छतावर चढायच्या बेतात होतो. तेवढ्यात शेजारी एका आजींनी चपला काढल्या, रिकाम्या गाभाऱ्याकडे तोंड करून हात जोडले आणि हातातली दोन फुलं उंबऱ्यावर ठेवली. आमच्यासाठी ते लोकेशन होतं, त्यांच्यासाठी ते देऊळच होतं. आम्ही गुपचूप खाली बसलो.

होडीत मात्र जॅकेट मागितलं नाही. जाताना नाही, येताना नाही. ‘दहा मिनिटांचं तर पाणी आहे,’ हा आमचा फंडा. आणि हो, फोटोत केशरी जॅकेट चांगलं दिसत नाही ना!

त्याच महिन्यात, २१ मे २०२४च्या संध्याकाळी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. तेच उजनीचं पाणी, तोच उन्हाळा. ती माणसं काही पिकनिकला निघाली नव्हती, त्यांचा तो रोजचा रस्ता होता. बातमी वाचली आणि आमच्या ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलंच नाही.

गोव्यातलं कुर्डी गावही साळावली धरणात गेलं. तिथेही उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा जुने गावकरी आपापल्या घरांचे चौथरे बघायला येतात. अशा जागी आपण पाहुणे असतो. आणि पाहुण्याने कसं वागायचं, हे सांगायला पाटी कशाला हवी?

जाताय? मग एवढं पाळाच!

- होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेट मागा. नसेल तर काठावरूनच बघा. होडी जास्त भरली असेल तर पुढची घ्या.
- मे महिन्यात वळवाचा वारा दुपारनंतर अचानक सुटतो. सकाळी जा, आभाळ भरलं की निघा.
- उघड्या पडलेल्या गाळावर भरवसा ठेवू नका. वरून भेगाळलेला, आतून मऊ असतो. आधी स्थानिकांना विचारा.
- शिखरावर, छतावर चढू नका. वर्षानुवर्षं भिजून वाळलेल्या विटा आणि चुना तुमचं वजन पेलतीलच असं नाही.
- वीरगळ, कोरीव दगड, विटेचा तुकडा... काहीही हलवू नका, घरी नेऊ नका. नावं तर अजिबात कोरू नका.
- देवळात चपला काढा. कचरा परत आणा, कारण पाणी चढलं की तो सगळा धरणात जातो.

आम्ही परत जाणार आहोत. या वेळी प्लॅनमध्ये पहिली ओळ ‘जॅकेट’ आहे, फोटो नंतर. आणि मामांना “हो मामा” म्हणताना गाण्यांचा आवाज आधी कमी करणार आहोत.