गिटार : वाद्य एक, वाणी अनेक

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत सोलापूर-धुळें महामार्गावर वडीगोद्री हें गांव आहे. महामार्गावरील मोटारींतून चित्रपटगीतांतील गिटार कानीं पडते, आणि भजनास बसलें म्हणजे एकतारी, टाळ, मृदंग आणि पेटी. अशा गांवांतील एखाद्या तरुणानें हौसेनें गिटार हातीं घेतली, तर त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो कीं, जगांतील सर्वांत थोर गिटारवादक कोण? चार नांवें घेऊन वाद घालणें सोपें आहे. परंतु कसोटी ठरविल्याखेरीज तो वाद म्हणजे पहिलवान आणि गवई यांची कुस्ती लावण्यासारखें होईल.

ही कसोटी शोधण्यास गांवची पेटीच उपयोगी पडेल. पेटीवर सा दाबला म्हणजे सा वाजतो, रे दाबला म्हणजे रे वाजतो. या दोहोंमधील वाट पेटीस चालतां येत नाहीं. गवयाच्या गळ्यांतील मींड ती हीच वाट. या उणिवेवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीस बंदी केली, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. भजनांतून मात्र पेटी कधींच हलली नाहीं.

गिटारीवरही हाच आरोप येतो. तिच्या दांडीवर धातूचे पडदे पक्के ठोकलेले असतात. सतारीसही पडदे आहेत. पण ते कमानदार असून तार बाजूस खेंचली असतां एकाच पडद्यावर कित्येक स्वरांची मींड निघते. गिटारीची तार तशी फारशी खेंचली जात नाहीं. तेव्हां त्या त्या देशांतील थोर वादकानें या पडद्याशीं आपला व्यवहार कसा ठरविला, हीच तुलनेची खरी कसोटी होय.

स्पेन हें आजच्या गिटारीचें माहेर. तेथील कारागीर अंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) यानें तिचें पोट मोठें करून तिचा आवाज भरीव केला. तरीही मोठ्या संगीतगृहांत तिला फारसा मान नव्हता. लिनारेस या गांवीं १८९३ मध्यें जन्मलेल्या आंद्रेस सेगोव्हिया यानें तो मिळवून दिला. १९३५ मध्यें पॅरिस येथें त्यानें बाखची, मूळ व्हायोलिनकरितां रचलेली, ‘शाकोन’ गिटारीवर वाजविली. सेगोव्हियानें पडद्यांशीं भांडण केलें नाहीं. पडदे पक्के असल्यामुळेंच एका वेळीं तीन-चार स्वर नीट जुळतात, हें ओळखून त्यानें एका वाद्यांतून दोन-तीन गळ्यांचें गाणें काढलें. युरोपीय संगीताचा जीव अशा स्वरमेळांत आहे. मींड तेथें दुय्यम.

बेल्जियममध्यें १९१० सालीं रोमा या भटक्या समाजांत जन्मलेल्या जँगो राइनहार्ट याची गोष्ट निराळी. १९२८ मध्यें त्याच्या बिऱ्हाडाच्या गाडीस आग लागली आणि डाव्या हाताचीं दोन बोटें जायबंदी झालीं. उरलेल्या दोन बोटांनीं तो स्वरांच्या लडी उलगडूं लागला. १९३४ मध्यें पॅरिस येथें व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्या जोडीनें त्याचा वाद्यवृंद उभा राहिला, आणि अमेरिकेच्या जाझला युरोपचें स्वतःचें रूप मिळालें. पडदे त्यालाही मान्य होते. अधू हातास जमेल अशी नवी चाल त्यानें त्यांवरच बसविली.

पडदा मुळींच न मानणारा हात निघाला तो प्रशांत महासागरांतील हवाई बेटांत. एकोणिसाव्या शतकांत परदेशी गुराखी व खलाशी यांजबरोबर गिटार तेथें पोंचली. १८७४ मध्यें जन्मलेल्या जोसेफ केकुकू यानें विद्यार्थिदशेंत तिच्या तारांवरून पोलादाचा तुकडा फिरविला, आणि या वादनपद्धतीचें श्रेय मुख्यतः त्यालाच दिलें जातें. गिटार मांडीवर आडवी घ्यावयाची, तारा पडद्यांपासून उंच करावयाच्या, आणि पोलाद त्यांवरून सरकवावयाचें. म्हणजे स्वर तुटत नाहीं, गात जातो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यांतील कृष्णवर्णीय गवयांनीं हाच परिणाम बाटलीच्या मानेनें किंवा सुरीनें साधला. त्यांपैकीं रॉबर्ट जॉन्सन (१९११-१९३८) याचीं अवघीं एकोणतीस गीतें ध्वनिमुद्रित आहेत. तरी पुढील पिढ्यांचे वादक त्यांपासून शिकत आले.

भारतांत ही हवाई गिटार रुजण्यांत कलकत्त्याचा वांटा मोठा; १९४० नंतरच्या दशकांत ताऊ मो या हवाईच्या वादकाचा तेथें मुक्काम होता. पुढें व्हॅन शिप्ले, हजारासिंग आदि वादकांनीं चित्रपटगीतांच्या चाली वाजवून ती लोकप्रिय केली. भारतीय कानास तिची भाषा परकी नव्हती, कारण विचित्रवीणेच्या तारांवरून कांचेचा गोळा सरकविण्याची रीत येथें होतीच. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७-२०१८) यांनीं तिला रागसंगीताच्या बैठकींत बसविलें. सरोदवादक उस्ताद अली अकबर खां यांचे ते शिष्य. मुंबईस एच. एम. व्ही. कंपनींत असलेले मराठी भावगीतगायक जी. एन. जोशी यांच्या पुढाकारानें १९६७ मध्यें ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस रागांतून उभा करावयाचा, ही तिची कल्पना. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी, माणिकराव पोपटकर यांचा तबला आणि काब्रा यांची गिटार. या मेळ्यांत गिटार कोठेंही पाहुणी वाटत नाहीं.

त्याच वर्षीं मुंबईंत जन्मलेले एक गोमंतकीय वादक इंग्लंडास गेले. त्यांचें नांव अमान्सियो डिसिल्व्हा (१९३६-१९९६). जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांजबरोबर १९६९ मध्यें त्यांनीं ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्यांची वाट काब्रांच्या उलट होती. काब्रांनीं वादनाची पद्धत बदलून राग राखला. डिसिल्व्हांनीं पडद्यांची जाझ गिटार तशीच ठेवून रागाची छाया तींत आणली. पहिल्या वाटेनें मींड पुरती मिळते, पण स्वरमेळ बराचसा सोडावा लागतो. दुसऱ्या वाटेनें स्वरमेळ हातीं राहतो, पण मींड केवळ सूचित होते. ज्याला जें गाणें प्रिय, त्यानें त्याची किंमत मोजली.

पुढें जयपूरचे विश्वमोहन भट यांनीं गिटारीस तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली. अमेरिकेचे राय कूडर यांजबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. कूडर हे बाटलीच्या मानेची परंपरा चालविणारे वादक; एका वादनांत दोन देशांच्या मींडी शेजारी बसल्या.

सर्वांत थोर कोण, या प्रश्नास म्हणून एक उत्तर नाहीं. स्वरमेळ हवा असेल त्यानें सेगोव्हियास ऐकावें, गळा हवा असेल त्यानें काब्रांस. वडीगोद्रीच्या तरुणास याचा पडताळा घरींच घेतां येईल. भजनांतील ओळखीच्या अभंगाची एक ओळ त्यानें प्रथम पडद्यांवर वाजवावी. मग तीच ओळ कांचेची गुळगुळीत नळी तारांवर हलकेच टेकवून, पडद्यावर न दाबतां, वाजवावी. दोन्ही वेळां काय मिळालें आणि काय सुटलें, हें ज्याच्या कानास कळलें, त्यास कोणत्याही देशाचा वादक पारखतां येईल.